टेबल गेलं तरी चालेल, लेखकांची खोली राहिली पाहिजे

२२ जानेवारी २०१० च्या रात्री अमेरिकी विनोदवीर कॉनन ओब्रायन यांनी ‘द टुनाइट शो’ या रात्रीच्या टॉक शोचा आपला शेवटचा भाग सादर केला. अमेरिकी टीव्हीवरची सर्वांत मानाची ही खुर्ची त्यांच्याकडे आठ महिनेही राहिली नाही. एनबीसी वाहिनीने या कार्यक्रमाचे आधीचे होस्ट जे लेनो यांना रात्री दहाच्या वेळेवर आणलं होतं, तो डाव फसला. मग लेनोंना पुन्हा अकरा पस्तीसला बसवायचं आणि ‘द टुनाइट शो’ बारा वाजून पाच मिनिटांनी सुरू करायचा, असा तोडगा निघाला. १९५४ पासून चालत आलेला कार्यक्रम दुसऱ्या दिवसात ढकलायला मी हातभार लावणार नाही, असं जाहीरपणे सांगून ओब्रायन बाहेर पडले. तडजोडीत त्यांना आणि त्यांच्या माणसांना मिळून सुमारे साडेचार कोटी डॉलर मिळाले. बदल्यात अट अशी की सप्टेंबरपर्यंत त्यांनी टीव्हीवर कार्यक्रम करायचा नाही.

पुढे जे घडलं ते मला टॉक शोच्या सगळ्या इतिहासातलं सर्वांत शिकण्यासारखं प्रकरण वाटतं. १२ एप्रिलला ऑरेगन राज्यातल्या युजीन या गावी ओब्रायन रंगमंचावर उभे राहिले आणि तिथून दोन महिने त्यांनी तीसेक शहरांत प्रयोग केले. टीव्हीवर विनोद करायला आपल्याला कायद्याने मनाई आहे, हेच दौऱ्याचं नाव होतं. अँडी रिक्टर हा जुना सहकारी बरोबर होता, बँडमधले वादक होते, लेखक होते. नव्हती ती वाहिनी, जाहिराती, रात्रीची ठरलेली वेळ आणि ते प्रसिद्ध टेबल. या दौऱ्याबद्दल बोलताना बहुतेक जण एका दुखावलेल्या कलाकाराच्या रागाबद्दल बोलतात. राग होताच. पण त्या दोन महिन्यांत एक फार महत्त्वाची गोष्ट उघड झाली: टॉक शोमधून काय काढलं तरी तो जिवंत राहतो आणि काय काढलं की तो मरतो. पंधरा वर्षांनंतर आज अमेरिकेतल्या वाहिन्या पैसे वाचवायला बसल्या आहेत आणि हा धडा विसरून नेमक्या नको त्या गोष्टी काढत आहेत, असं माझं म्हणणं आहे.

आधी हा प्रकार मुळात कसा उभा राहिला ते पाहू. स्टीव्ह ॲलन यांनी १९५४ मध्ये ‘टुनाइट’ सुरू केला आणि जॉनी कार्सन यांनी १९६२ ते १९९२ अशी तीस वर्षं तो चालवून त्याचा साचा पक्का केला. स्थानिक बातम्या संपल्या की सुरुवातीला उभ्याने सांगितलेले दिवसभराच्या घडामोडींवरचे विनोद, मग टेबलामागे बसून एखादा गमतीचा प्रकार, मग नवा सिनेमा येऊ घातलेला नट किंवा नटी, शेवटी गाणं. वाहिनीला हे स्वस्त पडायचं. पाहुणे प्रसिद्धीसाठी स्वतःहून येत, मोठे सेट लागत नसत आणि झोपण्याआधी टीव्ही लावणारा प्रेक्षक आयता मिळायचा. म्हणजे टेबल, वेळ, एक तासाची लांबी या सगळ्या गोष्टी कलेच्या गरजेतून आलेल्या नव्हत्या. त्या जाहिरातींच्या आणि वेळापत्रकाच्या गरजेतून आल्या होत्या. तीस वर्षं रोज पाहिल्यावर लोकांना त्याच गोष्टी टॉक शोचा आत्मा वाटू लागल्या, एवढंच.

दौऱ्यात दिसलेली पहिली गोष्ट मालकीची. ओब्रायन यांच्या जुन्या कार्यक्रमात एक अस्वलाचं पात्र होतं, बऱ्यापैकी चावट. लेखकांनी रचलेलं, वर्षानुवर्षं प्रेक्षकांनी उचलून धरलेलं. पण हक्क एनबीसीचे. दौऱ्यात त्या अस्वलाचा पांडा झाला. जुन्या एका मालिकेच्या चित्रफिती दाखवण्यासाठी ओढायची जी दांडी होती, तिचंही नाव बदललं. प्रेक्षकांना हे सगळं कळत होतं आणि त्यावरच ते हसत होते. याआधी १९९३ मध्ये टॉक शोचे होस्ट डेव्हिड लेटरमन एनबीसी सोडून सीबीएसकडे गेले तेव्हाही असंच झालं होतं. जुन्या वाहिनीने त्यांच्या गाजलेल्या सदरांवर आणि पात्रांवर हक्क सांगितला आणि कार्यक्रमात वर्षानुवर्षं लॅरी ‘बड’ मेलमन म्हणून वावरलेल्या कॅल्व्हर्ट डीफॉरेस्ट यांना नव्या वाहिनीवर स्वतःच्या खऱ्या नावाने यावं लागलं.

वाहिनी नावं ठेवून घेऊ शकते, कपडे आणि सेट ठेवून घेऊ शकते. माणसाची विनोदाची वेळ साधण्याची हातोटी, सोबत्याशी असलेलं त्याचं गुळपीठ आणि प्रेक्षकाने त्याच्यावर टाकलेला विश्वास यांवर कुठल्याही कराराचा ताबा चालत नाही. ओब्रायन यांनी फेब्रुवारी २०१० मध्ये ट्विटरवर खातं उघडलं, तिथूनच दौरा जाहीर केला आणि तिकिटं भराभर संपली. वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देण्याची गरजच पडली नाही. जूनच्या सुरुवातीला ते न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये उभे राहिले. ज्या रॉकफेलर सेंटरमध्ये एनबीसीचं बस्तान आहे आणि जिथून त्यांनी सोळा वर्षं आपला आधीचा कार्यक्रम केला, त्याच संकुलातलं हे सभागृह. यंत्रणा तिथेच होती, प्रेक्षक मात्र ओब्रायन यांच्याकडे आला होता.

लोकनाट्याचे दौरे पाहिलेल्या मराठी माणसाला यात परकं काही वाटणार नाही. बतावणीत त्या त्या गावची ताजी भानगड शिरते, तिथला पुढारी शिरतो, आणि समोरचा प्रेक्षक कसा हसतोय ते पाहून सोंगाड्या पुढचं वाक्य लांबवतो किंवा गाळतो. अमेरिकी टॉक शोचा सुरुवातीचा मोनोलॉग ही त्याच जातीची कला आहे. फरक इतकाच की स्टुडिओत बसलेला प्रेक्षक फुकट आलेला, आधी एका विनोदवीराने तापवलेला आणि टाळ्यांच्या इशाऱ्यावर टाळ्या देणारा असतो. पदरमोड करून तिकीट काढलेल्या, युजीनपासून अटलांटापर्यंत पसरलेल्या माणसांनी हसणं ही कसोटी निराळी. कोणता विनोद खरोखर चालतो आणि कोणता केवळ स्टुडिओच्या उबेत चालत होता, हे रोज रात्री समजतं. दौऱ्यावर एक माहितीपटही निघाला. त्यात ओब्रायन थकलेले, चिडलेले, तरीही प्रयोग संपल्यावर न थांबता लोकांना भेटत राहणारे दिसतात. ते पाहताना मला सर्वांत जास्त जाणवली ती त्यांची गरज. त्या माणसाला प्रेक्षक लागतो. टॉक शोच्या होस्टमध्ये ही भूक नसेल तर बाकी कितीही उत्तम असून उपयोग नाही.

नोव्हेंबर २०१० मध्ये ते टीबीएस या केबल वाहिनीवर परतले, या वेळी कार्यक्रमाची मालकी स्वतःच्या कंपनीकडे ठेवून. गंमत अशी की परतल्यावर त्यांनी पुन्हा टेबल मांडलं, सूट चढवला, बँड बसवला. दौऱ्यात जे शिकले ते अंगवळणी पडायला आठ वर्षं गेली. ही आठ वर्षं वाया गेली असं मात्र मी म्हणणार नाही, कारण याच काळात त्यांनी कॅमेरा घेऊन बाहेर पडायला सुरुवात केली. २०१५ मध्ये क्युबा, त्याच वर्षी आपली सहायक सोना मोव्हसेसियन हिला घेऊन तिच्या पूर्वजांच्या आर्मेनियात, मग दक्षिण कोरिया, मेक्सिको, इस्रायल. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी हैतीबद्दल काढलेल्या अपमानास्पद उद्गारांची बातमी आली, तेव्हा स्टुडिओत बसून त्यावर पाच विनोद करणं सोपं होतं. ओब्रायन विमानात बसून हैतीला गेले आणि तिथल्या रस्त्यांवर, शाळेत, किनाऱ्यावर लोकांकडून स्वतःची चेष्टा करून घेत फिरले. त्या दिवसांतल्या इतर कार्यक्रमांचे मोनोलॉग आज कुणी उघडून पाहत नाही. हैतीचा भाग आजही पाहावासा वाटतो.

यात टॉक शोच्या अडचणीचं एक मोठं कारण दडलं आहे. रोजच्या बातमीवरचा विनोद दुसऱ्या दिवशी शिळा होतो. पुन्हा दाखवून त्यातून पैसे मिळत नाहीत. स्ट्रीमिंगवाल्यांनी म्हणूनच या प्रकारात हात पोळून घेतले: नेटफ्लिक्सने चेल्सी हँडलर, मिशेल वुल्फ, हसन मिन्हाज अशा एकामागून एकांचे कार्यक्रम सुरू केले आणि बंद केले. प्रवास, दीर्घ गप्पा, माणसांची ओळख यांना मात्र तारीख नसते.

२०१८ च्या शरद ऋतूत ओब्रायन यांनी तासाभराचा कार्यक्रम थांबवला आणि पुन्हा दौरा काढला. या वेळी ते एकटे केंद्रस्थानी नव्हते. रॉन फंचेस, जेम्स वीच, फ्लुला बोर्ग असे त्यांच्यापेक्षा तरुण विनोदवीर बरोबर होते आणि कार्यक्रमाचा बराचसा वेळ त्यांचा होता. त्याच नोव्हेंबरमध्ये त्यांचं पॉडकास्ट सुरू झालं. २२ जानेवारी २०१९ रोजी, म्हणजे ‘द टुनाइट शो’ सोडल्याला बरोबर नऊ वर्षं झाली त्या तारखेला, नवा अर्ध्या तासाचा कार्यक्रम आला. टेबल नाही, सूट-टाय नाही, मोनोलॉग आटोपशीर, एकच पाहुणा आणि त्याच्याशी समोरासमोर बसून गप्पा. पाहणाऱ्याला कशाचीही उणीव वाटली नाही. टेबल हे होस्ट आणि पाहुणा यांच्यातलं अंतर होतं, ते गेलं.

पण बँडही गेला, आणि इथे मी ओब्रायन यांच्या बाजूने बोलणार नाही. जिमी व्हिव्हिनो आणि त्यांचे साथीदार २०१० च्या दौऱ्यात त्यांच्याबरोबर होते, त्यातले काही तर १९९३ पासूनचे. विनोद पडला की ढोलकीच्या एका थापेने सावरणारी ही माणसं कार्यक्रमाचा भाग होती, सजावट नव्हती. त्यांना काढून पैसे वाचले आणि कार्यक्रम थोडा एकटा पडला. २०२४ मध्ये सेथ मायर्स यांच्या टॉक शोचा बँड खर्चासाठी बंद झाला तेव्हाही हेच झालं. त्याच वर्षी जिमी फॅलन यांचा ‘द टुनाइट शो’ आठवड्यातून पाचऐवजी चार रात्री नवा दिसू लागला. वाहिन्यांच्या हिशोबात टेबल, चकचकीत सेट आणि शहराचं खोटं आकाश दाखवणारा पडदा तसाच राहतो. रात्री कमी होतात, वादक कमी होतात, लेखक कमी होतात.

लेखक नसले की काय होतं हे ओब्रायन यांनी स्वतः दाखवून दिलं आहे. २००७-०८ च्या हॉलिवूडमधल्या लेखकांच्या संपात त्यांनी सुरुवातीला आपल्या ऐंशीच्या आसपास कर्मचाऱ्यांचे पगार खिशातून दिले. जानेवारीत लेखकांशिवाय परतावं लागलं, तेव्हा वेळ भरून काढण्यासाठी ते टेबलावर लग्नाची अंगठी गरागरा फिरवत आणि ती किती सेकंद फिरते ते मोजत. लोकांना ते आवडलं, कारण त्यामागची स्थिती सगळ्यांना ठाऊक होती. असे कार्यक्रम वर्षभर करता येत नाहीत. त्याच संपात लेटरमन यांनी लेखक संघटनेशी स्वतंत्र करार केला आणि आपले लेखक परत आणले. हे त्यांना जमलं, कारण कार्यक्रम त्यांच्या स्वतःच्या कंपनीचा होता. मालकी ही केवळ होस्टच्या श्रीमंतीची बाब नसून तिच्यावर लेखकांच्या खोलीत बसलेल्या दहा-पंधरा माणसांचं पोट अवलंबून असतं, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. २०२३ च्या संपात तर पाच होस्टांनी एकत्र येऊन पॉडकास्ट केलं आणि त्याचे पैसे आपापल्या बंद पडलेल्या कार्यक्रमांच्या कर्मचाऱ्यांना दिले.

मालकीचा प्रश्न २०२५ मध्ये निराळ्याच रूपात पुढे आला. जुलैमध्ये सीबीएसने स्टीफन कोल्बेअर यांचा ‘द लेट शो’ मे २०२६ मध्ये बंद करत असल्याचं जाहीर केलं. कारण निव्वळ आर्थिक असल्याचं वाहिनी म्हणाली. पण वाहिनीची मालक पॅरामाउंट त्या वेळी विलीनीकरणाला सरकारी मंजुरी मिळण्याची वाट पाहत होती. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांचा खटला तिने एक कोटी साठ लाख डॉलर देऊन मिटवला होता, आणि त्या तडजोडीला कोल्बेअर यांनी काही दिवसांपूर्वीच आपल्या कार्यक्रमात उघडपणे लाच म्हटलं होतं. सप्टेंबरमध्ये जिमी किमेल यांचा कार्यक्रम, प्रसारण आयोगाच्या अध्यक्षांनी जाहीर धमकीवजा विधानं केल्यावर, एबीसीने थांबवला आणि लोकांचा संताप पाहून आठवड्याभरात परत सुरू केला. कार्यक्रम तोट्यात असू शकतो, हे मला मान्य आहे. पण ज्या कंपनीला सरकारकडून परवाना किंवा मंजुरी हवी आहे, तिच्या छपराखाली सत्तेची खिल्ली उडवणाऱ्याची खुर्ची किती डळमळीत असते, हे या दोन घटनांनी दाखवलं. स्वतःचा प्रेक्षक, स्वतःची कंपनी आणि रंगमंचावर उभं राहण्याची तयारी असलेल्या होस्टला अशा वेळी पाय टेकायला जागा असते.

रंगमंच म्हणजे सुरक्षित किल्ला, असा मात्र भ्रम नको. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामरा यांच्या एकनाथ शिंदे यांच्यावरील विनोदानंतर मुंबईत खारच्या हॅबिटाट या जागेची शिवसैनिकांनी तोडफोड केली आणि ती जागा चालवणाऱ्यांनी ती बंद करत असल्याचं जाहीर केलं. कलाकाराकडे यूट्यूब होतं, त्याचा व्हिडिओ लाखोंनी पाहिला. मार पडला तो खुर्च्यांना, ध्वनियंत्रणेला आणि तिथे दर आठवड्याला पहिल्यांदा माईक धरणाऱ्या नवख्या मुलामुलींना. वाहिनीचा आधार सुटला की जोखीम नाहीशी होत नाही, ती छोट्या माणसांवर जाऊन बसते.

याच नवख्यांमुळे मला टॉक शोच्या नव्या रूपाबद्दल पूर्ण समाधान वाटत नाही. १९९३ च्या सप्टेंबरमध्ये ओब्रायन टीव्हीवर पहिल्यांदा आले तेव्हा ते तीस वर्षांचे होते आणि त्यांना कुणी ओळखत नव्हतं. ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ आणि ‘द सिम्पसन्स’ लिहिणारा एक लेखक, एवढीच ओळख. पहिली दोन-तीन वर्षं समीक्षकांनी झोडपलं, वाहिनी अगदी छोट्या मुदतीचे करार करून त्यांना टांगणीवर ठेवत होती. तरी रोज रात्री कार्यक्रम होत होता. रोज चुकायला मिळत होतं, दुसऱ्या दिवशी सुधारायला मिळत होतं, आणि अंथरुणात पडून सहज चॅनेल बदलणाऱ्या, ओब्रायन कोण हे माहीत नसलेल्या माणसासमोर हे सगळं चाललं होतं. तिकीट काढून येणारा प्रेक्षक आधीच चाहता असतो. पॉडकास्ट ऐकणाराही शोधून ऐकतो. अनोळखी माणसाला हसवण्याची आणि त्याच्या मनात नसलेला विचार त्याच्यापुढे ठेवण्याची जागा होती ती हीच, आणि तीच आटत चालली आहे. दौरा काढून ओब्रायन तरले, कारण त्याआधीची सोळा-सतरा वर्षं त्यांना ही जागा मिळालेली होती.

म्हणून टॉक शो नव्याने घडवण्याबद्दल माझी मागणी वाहिन्यांकडे कमी आणि ज्यांच्या हाती मालकी आली त्यांच्याकडे जास्त आहे. २०२२ मध्ये सिरियसएक्सएम या रेडिओ कंपनीने ओब्रायन यांची टीम कोको ही कंपनी विकत घेतली. बातम्यांत आकडा पंधरा कोटी डॉलरचा होता. इतर होस्टही आज ना उद्या याच वाटेने जातील. त्यांच्यापैकी कुणीतरी यातले थोडे पैसे एका छोट्या थिएटरमध्ये घालावेत. २०२० च्या उन्हाळ्यात करोनाच्या दिवसांत ओब्रायन यांनी लॉस एंजेलिसच्या लार्गो थिएटरमधून, खुर्च्यांत प्रेक्षकांऐवजी पुठ्ठ्याची चित्रं ठेवून, कार्यक्रम चालू ठेवलाच होता. म्हणजे स्टुडिओ लागत नाही हे सिद्ध झालेलं आहे. अशा थिएटरात आठवड्यातून चार रात्री अर्धा तास, यूट्यूबवर सगळ्यांना फुकट, होस्ट म्हणून तिशीतली एखादी अनोळखी लेखिका, दोन-तीन वादक, आणि संघटनेच्या करारानुसार पगार घेणारे सहा-सात लेखक. निदान तीन वर्षांची हमी, आकडे कसेही आले तरी. वर्षातून एकदा तीच मंडळी गाडीत बसून मोठ्या शहरांबाहेरच्या गावांत दौरा करतील आणि तिकिटांच्या पैशातून पुढच्या हंगामाचा काही खर्च काढतील. टेबल हवं असेल तर त्यांनी आपल्या खर्चाने आणावं.